बिनतोंडी

१

सकाळी थोरली जेवढं खायची तेवढ्यावर धाकटीचे दोन दिवस निघाले असते. पाव, अंडी, वर केळं, आणि खाता खाता तोंडाचा पट्टा सुरूच. चौकातल्या इमारतीत तळमजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांच्या बारा भानगडी ती नाश्त्याबरोबर धाकटीला वाढायची.

"अगं, ती ठेंगणी आली होती काल. म्हणते, कंबरेत जरा आत घ्या. म्हटलं, बाई, कापड आत घेता येतं, कंबर कुठे कोंबू?" मग आपल्याच विनोदावर ती इतकी हसायची की तिला ठसका लागायचा, आणि धाकटी पाण्याचा पेला पुढे करायची. हे रोजचंच होतं.

आई-वडील एकापाठोपाठ गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. थोरलीने शिलाई मशीन घेतलं, धाकटीला शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की, "मला घोरणारा माणूस चालत नाही," म्हणून तो उडवून लावला. आता धाकटीचेही केस पिकायला लागले होते. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. थोरलीला काही झालं तर आपलं काय, हा विचार मनात आला की धाकटी उठून भांडी घासायला घ्यायची.

धाकटी एका संशोधन संस्थेत जलअस्वलांवर काम करायची. जलअस्वल म्हणजे शेवाळात राहणारा आठ पायांचा जीव, सुईच्या टोकावर मावेल एवढा. पाणी आटलं की सुकून गोळा होतो, थेंब मिळाला की पुन्हा चालू लागतो. थोरलीला या कामाचं कौतुक भारी, आणि थट्टाही तेवढीच. दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक पाइप गळायचा. तिथलं शेवाळ तिने एक दिवस नखांनी खरवडून पुडीत बांधून आणलं.

"घे. तुझ्या लेकरांना चारा."

त्या पुडीत धाकटीला अशी एक जात सापडली, जी तिच्या संस्थेतल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

२

विटेच्या रंगाची होती ती. पाठीवर कडक पत्रे, एकाला एक जोडलेले, आणि प्रत्येक पत्र्यावर टोचून काढल्यासारखे बारीक खड्डे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लांब केस. मागच्या पायांवर दातेरी पट्टी, आणि पावलांना वाकड्या नख्या. तिच्या भाईबंदांना डोळ्यांचे निदान ठिपके तरी असतात, हिला तेही नव्हते. आणि जेवढ्या सापडल्या तेवढ्या साऱ्या माद्या. नर औषधालाही नाही.

धाकटीने एक फोटो मोठा करून घरी आणला. थोरलीने चष्मा नाकावर सरकवून तो पाहिला. "कटिंग छान आहे," असा शेरा दिला. मग म्हणाली, "पण ही खाते कुठून? तोंड कुठाय हिचं?"

"ही बिनतोंडी आहे, ताई."

तो प्रयोगशाळेतला शब्द होता. कात टाकायच्या आधी जलअस्वल आपलं तोंडच टाकून देतं. घशाची नळी, टोचायच्या सुया, सगळं बाहेर फेकतं, आणि तोंडाची जागा बुजून गुळगुळीत होते. नवं तोंड तयार होईपर्यंत खाणं बंद. नवशिके लोक अशा मादीला आजारी समजतात, आणि तिला हलवून, काचेखाली दाबून, पाणी बदलून मारून टाकतात. म्हणून संस्थेत पहिल्याच दिवशी बजावलं जायचं, बिनतोंडीला हात लावायचा नाही. ओल ठेवा, उजेड कमी करा, आणि थांबा. धाकटीच्या हातून सुरुवातीला अशा कितीतरी गेल्या होत्या. पुढे मात्र तिच्याइतकं थांबणं संस्थेत कुणालाच जमत नसे.

"आणि मग?" थोरलीने विचारलं.

"मग नवी होऊन बाहेर येते. पोटात अंडी असली तर ती कातीतच ठेवून जाते. नख्यांसकट अख्खी कात मागे राहते. बघणाऱ्याला वाटतं, मादीच पडलीय."

"आणि आई कुठे जाते?"

असा प्रश्न धाकटीला कुणी विचारला नव्हता. "जाते कुठेतरी," ती म्हणाली.

थोरली फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. हातातला पाव तिने तसाच बशीत ठेवला.

३

पाव राहिला याचं धाकटीला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंडं राहिलं, मग केळं राहिलं. "पोट बरं नाही गं," थोरली म्हणाली, आणि चहाचा कप ओठांना नुसता लावून खाली ठेवला. बोलणंही आटलं. ठेंगणीच्या कंबरेचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. दुकानाचं शटर दुपारीच खाली यायला लागलं.

धाकटीने आधी रागावून पाहिलं, मग लाडीगोडी लावून पाहिली. थोरलीच्या आवडीचं सूप केलं. ते गार होऊन त्यावर साय धरली. न्हाणीघरात थोरलीचा ब्रश कोरडा ठणठणीत होता, आणि त्यानंतर तो रोजच कोरडा असायचा. तोंड न धुता राहील अशी थोरली नव्हती. पण माणूस आजारी पडला की आळसतो, असं म्हणून धाकटीने तो विषय मनातून काढून टाकला.

एका सकाळी चादर बदलायला ती थोरलीच्या खोलीत गेली, तर खिडकीच्या कट्ट्यावर एक वाडगं होतं, रुमालाने झाकलेलं. तिने रुमाल उचलला. पाण्यात कवळी होती.

थोरलीचे दात तिचे स्वतःचे होते. अक्रोड ती दातांनी फोडायची. तरी धाकटीने स्वतःची समजूत घातली. दात पडले असतील, कवळी करून घेतली असेल, लाजेने सांगितलं नसेल. नटण्यामुरडण्यात थोरली कुणाला हार जाणारी नव्हती. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त कवळीला मागे गुलाबी प्लास्टिक असतं आणि हिला ते नव्हतं. त्याऐवजी नळीसारखं काहीतरी मऊ आणि पांढुरकं होतं, ते पाण्यात वेटोळं करून पडलेलं होतं.

तिने रुमाल होता तसा टाकला आणि चादर न बदलताच बाहेर आली. दुपारी पुन्हा डोकावली तेव्हा वाडगं धुऊन पालथं घातलेलं होतं.

४

कोपऱ्यावरचे डॉक्टर दोघींना लहानपणापासून ओळखत होते. थोरली पलंगावर बसलेली, शाल नाकापर्यंत ओढून. "काय हो शिंपीणबाई," डॉक्टर म्हणाले, "आमच्या विजारी अडवून ठेवायच्या आणि आपण उपास करायचा, हे बरं नाही. आ करा बघू."

थोरलीने मान हलवली.

डॉक्टरांनी हसत हसत शाल खाली केली आणि बॅटरी लावली. धाकटी त्यांच्या खांद्याआडून बघत होती. ओठांच्या जागी एक रेष होती. सुरकुती असते तेवढीच खोल. डॉक्टरांनी लाकडी पट्टी त्या रेषेवर टेकवली, जरा इकडे सरकवली, जरा तिकडे. पट्टीला आत जायला वाट मिळाली नाही. त्यांनी बॅटरी विझवली आणि शाल होती तशी वर घेतली.

बाहेरच्या खोलीत ते खाली बघूनच बोलले. "सूज आहे. ओठ चिकटलेत. ॲलर्जीने होतं असं." मग आवाज उतरवून म्हणाले, "आजच्या आज हॉस्पिटलात न्या. वेळ घालवू नका. नळी घालावी लागेल, चिरा द्यावा लागेल, जे काय असेल ते तिथे बघतील."

"थोडं थांबले तर?"

"कशासाठी?"

घशाशी आलेलं उत्तर धाकटीला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं.

डॉक्टरांनी बॅग उचलली. "अहो, माणूस आहे ती," ते म्हणाले. असं का म्हणालो ते त्यांनाही कळलं नसावं. जिना उतरताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

धाकटी आत गेली. "ताई, नेऊ का गं तुला?"

थोरलीने तिचं मनगट पकडलं आणि घट्ट दाबलं. खूप घट्ट, नखं रुतेपर्यंत. तिचे डोळे भरून आले होते. नको म्हणत होती की ने म्हणत होती? धाकटीने 'नको' असा अर्थ घेतला.

५

पडदे तिनेच ओढले. माणूस म्हणजे जलअस्वल नव्हे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. दिवसातून कितीदा तरी ती फोनपाशी जायची, हॉस्पिटलचा नंबर लावायची आणि मध्येच ठेवून द्यायची. डोळ्यांपुढे यायच्या त्या काचेखाली दाबलेल्या माद्या. चार दिवस धीर धरला असता तर जगल्या असत्या. आपल्याच उतावळेपणाने गेल्या. ताईच्या बाबतीत तरी हात आवरायचा, असं ती स्वतःला बजावत होती. रडूही येत होतं, आणि रडता रडता ती टॉवेल पिळून थोरलीच्या अंगावर पसरत होती.

ओल्या टॉवेलने थोरलीला बरं वाटायचं, एवढं खरं. कोरडा झाला की ती तळमळायची.

अंगाचा रंग बदलला. आधी ऊन लागल्यासारखा, मग भाजलेल्या विटेसारखा. पाठ चोळताना हाताला खालचं कडक लागायचं. बरगड्या नव्हेत, त्याहून रुंद. धाकटी त्यावरून बोटं फिरवायची नाही. फिरवली असती तर कडा मोजल्या गेल्या असत्या. डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. पापण्यांचे केस उशीवर पडलेले तिने फुंकर मारून उडवले.

थोरली गुडघे पोटाशी घेऊन निजली होती. एका दुपारी धाकटीने तिचा हात हातात घेतला तेव्हा मनगटाची कातडी सैल झालेली होती, मोठ्या मापाचा मोजा घालावा तशी. आतला हात मात्र घट्ट आणि गरम होता. तो कातडीच्या आतून धाकटीच्या बोटांकडे सरकला आणि थांबला.

"आहेस ना गं?" धाकटी म्हणाली. "मी आहे हं इथेच. तू सावकाश कर. मी थांबलेय."

खोलीत श्वासाचा आवाज येत होता. भिंतीपलीकडून यावा इतका लांबून येत होता.

६

सरांचा फोन आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सर म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, एरवी स्वतःहून फोन करणारे नव्हेत. "बाई, लवकर या. तुमच्या विटकरीने कात टाकलीय. आत अंडी आहेत! तुमच्या लेखात हीच एक आकृती राहिली होती."

थोरली निजलेली होती. टॉवेल नुकताच भिजवला होता. धाकटीने पांघरूण नीट केलं आणि लगेच येते म्हणून सांगितलं.

सूक्ष्मदर्शकाखाली कात झकास दिसत होती. पत्रे, त्यांवरचे खड्डे, नख्या, सगळं जागच्या जागी, काचेसारखं आरपार. डोक्याकडची बाजू फाटलेली, आत तांबूस अंडी एकाला एक चिकटून बसलेली. धाकटीने आकृती काढली. हात सवयीने चालत होता. आकृती संपल्यावर तिने काचेची बशी सरकवून सरकवून शोधायला सुरुवात केली.

"आता काय शोधताय?" सरांनी विचारलं.

"हिची आई."

"असेल कुठेतरी." सरांनी आकृती उजेडाकडे धरली. "आता तिचं काय काम?"

बशीच्या कडेला, पाणी संपतं तिथे, काचेवर तिला विटकरी ठिपका दिसला. सुकून गोळा झालेला होता. तिने वर थेंब सोडला आणि वाट पाहिली. सुकलेली जलअस्वलं थेंब मिळाला की उठतात. ही उठली नाही. फार घाईने, उघड्यावर सुकली असावी.

धाकटीने पर्स उचलली आणि सरांना न सांगताच निघाली.

घराच्या जिन्यात वरून एक बाई उतरत होती. अंगाभोवती ओली चादर, डोक्यावरून घेतलेली, नाकापर्यंत ओढून धरलेली. गरम पाण्याने आंघोळ करून आल्यासारखी लालबुंद, सडसडीत बाई. डोळे मिटलेले, भुवयांना केस नाहीत. भिंत चाचपत येत होती. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी आजारी पाहुणी आली असेल, असं धाकटीला वाटलं. ती वाट देण्यासाठी कडेला झाली.

बाई थांबली. तिने भिंतीवरचा हात काढून धाकटीच्या दिशेने पुढे केला. बोटं हवेत चाचपडली, धाकटीच्या गालाला लागली.

"इकडे, इकडे. कठडा इकडे आहे," धाकटी म्हणाली. तिने तो हात धरून कठड्यावर ठेवला. हात ओला होता, लहान मुलाच्या हातासारखा मऊ. "सावकाश जा हं. पायऱ्या ओल्या झाल्यात." आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर पळाली. वर ताई एकटी होती.

७

दार नुसतं लोटलेलं होतं. जाताना घाईत ओढायचं राहिलं, असं तिला वाटलं. खोलीत अंधार होता आणि ओला, दमट वास. पांघरुणाखाली थोरली गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, भिंतीकडे पाठ करून.

धाकटी पलंगाच्या कडेला टेकली, टॉवेल पिळला, आणि बोलत सुटली. किती दिवसांचं साचलेलं. "ताई, कात मिळाली गं. आकृती झाली पुरी. तू आणलेल्या शेवाळाने माझं नाव होणार बघ. तू बरी हो, मग तू म्हणशील ते खायला घालते. नुसतं बोट दाखव. दुकानाची काळजी करू नकोस. विजारी डॉक्टर घालतील तशाच उसवलेल्या..." ती हसली. रडली. मग पुन्हा बोलायला लागली. डॉक्टरांचं ऐकलं नाही ते चुकलं असेल तर मला माफ कर, असंही म्हणाली. कितीतरी वेळ ती अशी बोलत राहिली.

मग तिने ओल्या टॉवेलने थोरलीचं कपाळ पुसलं. कपाळाला खळगा पडला. तो पुन्हा वर आला नाही.

तिने पांघरूण खाली केलं. चेहरा थोरलीचा होता, कानातल्या भोकासकट. केस होते. कात्रीने घट्टे पडलेली बोटं होती, नखं होती. टाळूपासून मानेपर्यंत मात्र ते सगळं मागून फाटून उघडं होतं, आणि आत थोरली नव्हती. छातीच्या खाली, पोटाच्या जागी, पातळ झालेल्या कातडीआडून काही गोल, तांबूस असं भरलेलं दिसत होतं. त्यातलं एक हललं. हललं आणि शेजारच्याला टेकलं.

पलंगावरची चादर नव्हती.

आपण तो हात हातात घेतला होता. आपणच तो कठड्यावर ठेवला होता.

जिना ती कशी उतरली ते तिला कळलं नाही. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. समोरच्या फुटपाथवर किल्लीवाला कानस चालवत बसलेला होता. तो तिथे रोजच बसायचा.

"काका, एक बाई खाली आली का? चादर पांघरलेली?"

"आली ना. आत्ताच गेली." त्याने कानस खाली ठेवली. "बराच वेळ इथे उभी होती हो. हे इथे, उन्हात. मान वर करून, तुमच्या खिडकीकडे. आतून तुमच्या बोलण्याचा आवाज येत होता, तो ऐकत असावी. मी विचारलं, कोण हवंय? बोलेना. म्हटलं, हाक मारू का वर? तर नुसती चादर बाजूला करून तोंडाकडे हात नेला तिने, आणि..." तो जरा थांबला. "आजार आहे का हो त्यांना काही?"

"कुठे गेली?"

"उन्हाने अंग सुकायला लागलं तशी कासावीस झाली बिचारी. गेली भिंत धरून धरून." त्याने हात केला. तिकडे लांबच लांब रस्ता होता, दोन्हीकडे उन्हाने तापलेल्या भिंती. पहिल्या काही फरशांवर ओली पावलं होती. धाकटी त्यांच्या मागे धावली. कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत पावलं संपली. मागे वळून पाहिलं तर आधीचीही वाळून गेली होती.

"ताई!" ती ओरडली. पुन्हा ओरडली, इकडे तोंड करून, तिकडे तोंड करून. ऐकू येत असलं तरी 'ओ' कशाने देणार, हे तिला मग सुचलं. ती ओरडायची थांबली आणि कान देऊन उभी राहिली. कुठे काही वाजलं नाही.

ती परत आली तेव्हा किल्लीवाला मान वर करून खिडकीकडे बघत होता.

"पाहुणे आलेत का तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "लहान मुलं रडताहेत."

पडद्याआडून येणारा तो आवाज धाकटीलाही ऐकू येत होता.

"जा की वर," किल्लीवाला म्हणाला. "भुकेली असतील."